रंग कोणता द्यायचा? नागपुरातल्या एका कोल्ड्रिंकच्या लॉरीचं प्रकरण

साठच्या दशकाच्या अखेरची, कोल्ड्रिंकच्या पेट्या वाहणारी एक लॉरी दुरुस्त करून लग्नाच्या लॉनवर उभी करायची आहे. तिला रंग कोणता द्यायचा? नागपुरातल्या एका घरात या प्रश्नावर तीन पिढ्यांचं जमेना. मला बोलावलं होतं ते फक्त चेसिस आणि पत्रा किती शाबूत आहे हे बघायला. ते सांगून झालं, तरी घरच्यांनी सोडलं नाही. पुढचं प्रकरण त्यांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं, पत्ते आणि ओळख पटेल असं बाकी सगळं काढून टाकलं आहे.

माणसं तीन. आजोबा आता ऐंशीच्या पुढे. त्यांची उमेदीची वर्षं या गाडीवर रूट सेल्समन म्हणून, म्हणजे ठरलेल्या मार्गावर दुकानोदुकानी माल देण्यात गेली. गाडी चालवायला ड्रायव्हर वेगळा, पेट्या उचलायला दोन हमाल, आणि रोकड, चालान, वही यांचे धनी हे. मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे. नात कार्यक्रमांचं व्यवस्थापन करते. वर्धा रोडवरच्या एका लॉनशी तिची बोलणी झाली होती: गाडी एका कोपऱ्यात उभी राहील, तिच्यातून सोडा आणि सरबतं दिली जातील, लोक फोटो काढतील. कल्पना वाईट नव्हती. हल्ली दर दुसऱ्या लग्नात एखादी व्हिंटेज मोटार नवरदेवासाठी येते. लॉरी कोणी आणत नाही.

गाडी टाटा मर्सिडीझ, पुढे नाक असलेली. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीझवाले डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ चा. तो १९६९ मध्ये संपला आणि नाकावरच्या जाळीवरचा मर्सिडीझचा तीन टोकांचा तारा गेला. या गाडीच्या जाळीवर तारा नव्हता, पण तो जिथे बसवलेला असे तिथली भोकं होती. नंबर प्लेट तीन अक्षरी, म्हणजे नागपूरला एमएच-३१ मिळण्याच्या आधीची. नव्वदच्या दशकात कोल्ड्रिंक भरणाऱ्या प्लांटनं जुन्या गाड्या काढल्या तेव्हा आजोबांनी ही घेतली आणि इतवारीतल्या एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिली. व्यापाऱ्यानं मागची रॅक कापून टाकली आणि सळया न्यायला सपाट फळ्या ठोकल्या. पुढे गाडी बंद पडली ती कामठी रोडला एका शेडमध्ये तशीच उभी राहिली.

आता रंग. मुलाला गाडी केशरी आठवते. शाळेत असताना वडिलांना डबा द्यायला तो बर्डीला (सीताबर्डीला) जायचा, तेव्हाची. नातीला लाल हवी होती, कारण मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी जुन्या कोल्ड्रिंकच्या गाड्या लाल असतात आणि फोटोत लाल उठून दिसतो. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसले. रंग दर उन्हाळ्याच्या पहिले नवा मारत. रॅक इचारा."

त्या वेळी कोणी रॅकबद्दल विचारलं नाही. आम्ही दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात हाताएवढा चौकोन घेऊन रंग पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला. हे काम पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून करावं. जुन्या इनॅमल रंगांत शिसं असतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ फुप्फुसात जाते. वरचा थर व्यापाऱ्याचा राखाडी. त्याखाली पांढरा, मग केशरीचे थरावर थर, आणि तळाशी चकचकीत लाल. लालच्या खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर होताच, पण तो मातकट असतो, त्यामुळे दोघांत गल्लत होण्याचं कारण नव्हतं. म्हणजे मुलगा बरोबर आणि नातही बरोबर, फक्त सालं वेगळी.

सालांचा हिशेब सरळ आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना इथल्या धंद्यातला आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणणं भाग होतं. कोका-कोलानं ते मानलं नाही आणि १९७७ मध्ये, जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, देश सोडला. त्याच साली पार्लेचं थम्स अप आलं. सरकारच्या मॉडर्न बेकरीनं साल नावातच घेऊन 'डबल सेव्हन' काढलं, ते फार चाललं नाही. कॅम्पा कोला होतं. पार्लेचं गोल्ड स्पॉट तर पन्नासच्या दशकापासून होतं, लिम्का सत्तरीच्या सुरुवातीपासून. गावोगावच्या प्लांटचे फ्रँचायझी मालक, त्यांची यंत्रं, त्यांच्या गाड्या जिथल्या तिथेच राहिल्या. बाटलीतला माल बदलला आणि गाडीचा लाल रंग केशरी झाला. नंतर १९९० मध्ये पेप्सी 'लहर' हे नाव पुढे लावून आली, १९९३ च्या ऑक्टोबरात कोका-कोला आग्र्यातून परत आली आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावं पार्लेच्या रमेश चौहान यांच्याकडून तिनं विकत घेतली. काही वर्षांनी गोल्ड स्पॉट बाजारातून गेलं. दरवाजाचा तो कोपरा हे सगळं एका हातात दाखवत होता, आणि मला वाटतं की नुसता तेवढा चौकोन काच लावून ठेवला असता तरी लॉनवर लोक थांबले असते. नातीनं ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

केशरीवर दोन मतं मिळाली म्हणून केशरी ठरला. मग नावांचा प्रश्न आला. मुलाच्या आठवणीतल्या गाडीवर तिन्ही पेयांची नावं होती आणि पेंटर ती हुबेहूब काढून देणार होता. इथे मी अडवलं. घरात शोभेला ठेवलेल्या गाडीवर जुनं नाव रंगवणं एक, आणि जिथे पैसे घेऊन पेय दिलं जातं तिथे ते नाव झळकवणं वेगळं. थम्स अप आणि लिम्का आजही बाजारात आहेत. गोल्ड स्पॉट मिळत नाही म्हणून ते नाव बेवारस झालं असं होत नाही. ट्रेड मार्क कायद्यात, पाच वर्षांहून जास्त काळ वापर नसलेल्या चिन्हाची नोंद काढण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो करावा लागतो, लढवावा लागतो. नाव आपोआप मोकळं होत नाही. लग्नाच्या लॉनसाठी एवढा उपद्व्याप कोण करतो? कंपनीला पत्र लिहून परवानगी मागा, नाहीतर नावाशिवाय रंगवा, एवढंच मी सांगितलं. पत्र गेलं आहे.

आरटीओचा विषय त्याहून लवकर मिटला. मुलाच्या मनात होतं की गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावी आणि वरातीत चालवावी. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले आहेत: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण, मूळ रूप कायम, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. वाचताना वाटतं आपलंच काम झालं. पण तो नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरता आहे. मालवाहू गाडी त्यात बसत नाही. शिवाय बसली असती तरी धंद्यासाठी ती रस्त्यावर चालवता आली नसतीच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच मुभा आहे. पन्नास वर्षांची मोटार वारसा ठरते आणि तेवढ्याच वयाची लॉरी भंगार, यातला न्याय मला कळत नाही. ज्यांनी शहराला माल पोचवला त्या गाड्यांना कुणी मालक मिरवायला नसतो, एवढाच त्याचा अर्थ असावा. तर गाडी चालणार नाही, उभी राहील. अ‍ॅक्सलखाली आधार देऊन, टायरवर भार न ठेवता.

इथपर्यंत प्रकरण कुठल्याही जुन्या गाडीचं असू शकलं असतं. खरी अडचण मागच्या भागाची होती आणि आजोबा पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते.

कोल्ड्रिंकची गाडी साध्या ट्रकसारखी मागून भरत नाहीत. तिला मागे फाळका नसतो, दोन्ही बाजू उघड्या असतात. मधोमध लांबीनं एक उभा कणा आणि त्याच्या दोन्ही अंगांना खण. खणांचे तळ सपाट नसतात. बाहेरची कड उंच, आतली खाली. पेटी ठेवली की ती आपल्याच वजनानं कण्याला टेकते, म्हणून वळणावर, खड्ड्यात बाहेर पडत नाही. दोरी नको, दार नको, आणि हमाल रस्त्यावर उभ्या उभ्या हवी ती पेटी ओढू शकतो. आतल्या पेटीसाठी बाहेरच्या चार काढाव्या लागत नाहीत, कारण आत असं काही नसतंच. दिवसात किती दुकानं होतील ते या रचनेवर अवलंबून.

आणि गाडी कधी रिकामी परतत नसे. ३०० मिलिलीटरच्या चोवीस बाटल्यांच्या पेटीत पेय असतं ७.२ लिटर, काचेचं वजन त्याहून जास्त, वर लाकडी पेटीचं. म्हणजे सगळा माल विकूनही अर्ध्याहून जास्त ओझं घरी येतं. सकाळी भरलेली गाडी संध्याकाळी भरलेलीच दिसते. दुकानदाराकडून मिळतात ते पैसे फक्त पेयाचे. बाटली आणि पेटी प्लांटचीच, डिपॉझिटवर दिलेली. दुकानदारानं जेवढ्या रिकाम्या दिल्या तेवढ्याच भरलेल्या त्याला मिळणार. कमी पडल्या तर डिपॉझिट भरा, नाहीतर कमी माल घ्या. फुटलेल्या कोणाच्या? गाडीवर फुटल्या तर गाडीच्या, दुकानात फुटल्या तर दुकानाच्या, आणि उतरवताना मधल्यामध्ये फुटल्या तर तिथे भांडण. आजोबांची वही बघितली. विक्रीचे रकाने दोन आणि रिकाम्यांचे चार.

त्यामुळे सेल्समनला गिऱ्हाइकापेक्षा बाटली जास्त ओळखीची. कोणत्या पानठेल्यावर बाटल्या घरी नेल्या जातात, कोणत्या शाळेजवळच्या दुकानात पोरं बाटली तिथेच संपवतात, कोणत्या सावजी भोजनालयात रात्रीतून पेटी रिकामी होते पण दोन बाटल्यांत मसाल्याचं तेल बसलेलं असतं. तशी बाटली प्लांट परत घेताना कटकट करी. बिल्ल्यांसाठी, म्हणजे बाटलीच्या पत्र्याच्या झाकणांसाठी, पोरं गाडीमागे लागत, ते मात्र आजोबांना आवडत नसे. उघडलेल्या बाटलीचे बिल्ले दुकानात पडलेले असत, गाडीवर काय मिळणार? "पोट्टे तरी येतच," ते म्हणाले.

नागपूरचा उन्हाळा हा या धंद्याचा हंगाम आणि शत्रू दोन्ही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले. पंचेचाळीसचं तर दरसाल कौतुक नाही. वायू थंड पाण्यात जास्त विरघळतो. वीस अंशांवर जेवढा कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहतो, त्याच्या साधारण साठ टक्केच चाळीसला राहतो. उरलेला बाटलीच्या मानेत जमून बिल्ल्याला आतून ढकलतो. काचेला जुना ओरखडा असेल तर बिल्ल्याआधी काच जाते. म्हणून उन्हाळ्यात गाडी पहाटे निघे, आधी लांबचं काटोल किंवा उमरेड, मग शहर. डोक्यावर ताडपत्री, तिच्यावर ओली बारदानं. दुकानात बर्फाची लादी भुशात पुरलेली असे आणि गाडीवरून उतरलेली बाटली लगेच बर्फात घालायची नाही हा नियम. गरम काचेला एकदम थंडी लागली की ती तडकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीचा रूट बंद, मग सगळं ओझं सदर आणि धरमपेठेवर.

आता नातीचा आराखडा बघा. मागे सपाट प्लॅटफॉर्म, त्यावर दोन मुलं उभी, पुढे काउंटर, वर दिव्यांची माळ. म्हणजे व्यापाऱ्यानं सळयांसाठी केलं तेच, फक्त पॉलिश केलेलं. त्या आराखड्यात केशरी रंग, जुना तारा, गोल नाक, सगळं होतं. गाडी कोल्ड्रिंकची होती हे सांगणारं काही नव्हतं. आपल्याकडे जुन्या वस्तू जपायच्या म्हटलं की आधी अक्षरं आणि रंग जपले जातात, कारण फोटोत तेवढंच येतं. या गाडीची ओढ लोकांना वाटते ती गाडी येत असे म्हणून, आणि येऊन काही परत नेत असे म्हणूनही. दुकानासमोर बाटल्यांचा तो खळखळाट दोन्ही दिशांचा असायचा. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर, पण उतरत्या फळीवर ग्लास कसा ठेवू?" प्रश्न रास्त होता.

याच सुमाराला आजोबांनी गाडीवरच्या एका जुन्या हमालाला बोलावून घेतलं. ते पारडीकडे राहतात, वय सत्तरीच्या पुढे. चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर कापलेल्या रॅकचे बुंधे आणि रिव्हेटची भोकं शिल्लक होती; त्यांनी त्यांवरून हात फिरवत कणा कुठे, पहिला खण कुठे, कड किती वर हे भराभर सांगितलं. उतार मोजायला मी कोनमापक काढला होता, त्यांनी एक पेटी मागवून तिरपी धरली आणि "इतका" म्हणाले. पेटी सुटू नये आणि ओढताना अडूही नये, असा तो कोन. नंतर मोजला, दोन्ही बुंध्यांशी जुळला.

गाडी बघून आनंद झाला का, असं नातीनं विचारलं. तिला व्हिडिओ करायचा होता. ते म्हणाले, "मे महिन्यात बाटली हातात फुटे, बाई. पट्टी बांधून दुसरी पेटी उचलत होतो. तुमाले फोटो काढाचा हाय तं काढा." आजोबा काही बोलले नाहीत. फुटीचे पैसे कापण्याची वही त्यांच्याच हातात होती आणि दोघांनाही ते माहीत होतं. व्हिडिओ झाला नाही. या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली साक्ष हीच, आणि लॉनवर तिला जागा नाही, हेही खरं. लग्नात कोण फुटलेल्या हातांबद्दल वाचणार? मी सुचवलं की कण्याच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त गाडीत चढणाऱ्याला दिसेल तिथे, हमालांचं काम काय होतं याची एक पाटी लावावी. नातीनं हो म्हटलं आहे. पाटीचा मजकूर हमालकाका सांगतील तसाच, त्यांच्या बोलीत.

तडजोड अशी निघाली: गाडीची एक बाजू, जी प्रवेशद्वाराकडून दिसते, तिथे पूर्ण उतरती रॅक, दुसऱ्या बाजूला काउंटर. रॅक नव्यानं केली, लोखंडी चौकट आणि सागवानी पट्ट्या. पेट्या भंगारवाल्यांकडून गोळा केल्या. लाकडी थोड्या मिळाल्या, बाकी नंतरच्या प्लॅस्टिकच्या. आजोबांनी दोन्ही एकाच खणात ठेवू दिल्या नाहीत. बाटल्या वेगवेगळ्या मापांच्या आल्या, २०० मिलिलीटरच्या सगळ्यात जास्त. २००३ च्या आसपास पाच रुपयांची छोटी बाटली गावोगाव पोचली होती, तिच्यातल्या बऱ्याच उरलेल्या.

रॅक भरली आणि गाडी एका अंगाला झुकली. मी ताठ उभा असल्याची खात्री करून घेतली. झुकली होती गाडीच. कमानी (स्प्रिंगच्या पात्या) जुन्या, आधार अ‍ॅक्सलखाली, म्हणजे वरचा सगळा डोलारा कमानींवरच. आजोबांना फार आनंद झाला. "मी सांगत नोतो? एका बाजूनं भरली तं गाडी लवते. दोन इकडून उतराच्या, दोन तिकडून. रूटवर पह्यले हेच शिकवत." शेवटी आधार चेसिसखाली हलवले आणि काउंटरच्या बाजूला वाळूच्या गोण्या ठेवल्या. आजोबांचं म्हणणं, गोण्या नको, तिकडेही पेट्या ठेवा. काउंटरखाली पेट्यांना जागा निघाली, गोण्या अर्ध्या झाल्या.

या सगळ्यानं नातीच्या डोक्यात एक गोष्ट मात्र बसली. रॅकमध्ये नुसत्या शोभेच्या बाटल्या ठेवायच्या आणि सोडा प्लॅस्टिकच्या ग्लासात द्यायचा, हे तिलाच पटेना. तिनं शहरातला गोळीसोडा भरणारा एक जण गाठला. काचेच्या गोळीची ही बाटली हायरम कॉड यानं १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. बिल्ला लागत नाही, आतल्या वायूच्या दाबानंच गोळी तोंडाशी बसते, आणि अंगठ्यानं गोळी आत ढकलली की आवाज येतो. बाटली परत दिली तरच पुढचा माल, ही त्या सोडावाल्याची अट. आजोबांनी नातीला वही काढून दिली, रिकाम्यांचे चार रकाने आखून.

पहिल्या काही लग्नांतच रकाने भरायला लागले. भरलेल्या गेल्या तेवढ्या रिकाम्या येईनात. फुटल्या थोड्या, बाकीच्या पाहुण्यांनी नेल्या, शोभेची वस्तू म्हणून, पर्समधून, आहेराच्या पिशवीतून. लग्नातल्या पाहुण्याकडे डिपॉझिट मागता येत नाही. सोडावाला म्हणतो, बाटल्या कमी आल्या तर पैसे द्या. लॉनवाला म्हणतो, बाटल्या तुमच्या. केटरर म्हणतो, लग्नात रिकाम्या कोण मोजतं?

नातीनं आता बुकिंगच्या फॉर्ममध्ये ओळ घातली आहे: बाटल्यांपोटी यजमानाकडून आगाऊ रक्कम, रिकाम्या आल्या तेवढी परत. काउंटरवर एक पोरगा फक्त मोजायला बसवला आहे. तो प्रत्येक पेटी भरली की चोवीसची खूण करतो आणि रॅकच्या खालच्या खणात सरकवतो. वरचे खण भरलेल्यांचे, खालचे रिकाम्यांचे, हा क्रम आजोबांचा. पेंटर केशरी हात मारून गेला आहे, नावांची जागा कोरी आहे, कंपनीचं उत्तर आलेलं नाही. मोजणाऱ्या पोराची मजुरी लॉनच्या बिलात धरायची की केटररच्या, यावर पुढच्या आठवड्यात बसायचं ठरलं आहे.